पाटावरचा जॅक

माझ्या गाडीच्या डिकीत पिशव्या मावत नाहीत म्हणून लोक हसतात. हसू देत. तिथं माझा हत्यारांचा डबा असतो आणि तो तिथंच असणार. पत्र्याचा आहे, हिरवा रंग बराचसा उडालाय, कडी मोडल्यापासून सुतळीनं बांधते. आत पाने, पक्कड, हातोडी, दोन स्क्रू ड्रायव्हर, चाकाचा पाना, वायरचे तुकडे, चिकटपट्टी आणि एक जुना टॉवेल. शेजारी जॅक. "काय ताई, गॅरेज घेऊन फिरता काय?" असं मला निदान पन्नास जणांनी विचारलं असेल, आणि त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी माझ्याकडून पक्कड मागून नेली आहे. नेलेली पक्कड परत आणायला मलाच त्यांच्या दारात जावं लागतं. वर त्यांच्या बायका विचारतात, चहा टाकू का. मला चहा नको असतो, पक्कड हवी असते.

एकदा सरळगावच्या अलीकडे एका भल्यामोठ्या गाडीचं चाक बसलं होतं. गाडीवाला फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेनं फेऱ्या मारत होता. मी थांबले, जॅक लावला, नट सैल केले. मी खाली बसून चाक ओढतेय आणि हा माणूस मला विचारतो, "तुमच्याबरोबर कोणी पुरुष माणूस नाही का?" मी म्हटलं, "तुम्ही आहात की." त्याला ते कळलंच नाही. गाडी सुरू झाल्यावर काच खाली करून तो मला "थँक्यू काकू" म्हणाला. मी त्याच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेन.

हत्यारं माझ्या वडिलांची. ते भातसानगरला धरणाच्या कॉलनीत फिटर होते. त्यांच्या हाताखाली मी लहानपणापासून पाने ओळखायला शिकले. कुठल्या नटाला कुठला पाना लागतो ते मला नजरेनं कळतं, त्यात कौतुक काही नाही, शेजारणीला डाळीत मीठ किती ते कळतं तसंच. वडील गेले, कॉलनीतलं घर सुटलं आणि आम्ही गावी परतलो. किन्हवली आणि सरळगावच्या मधे आमचं गाव. घरात दोघीच, मी आणि आई. घरची पिठाची गिरण आहे, ती मी चालवते. गिरणीचा पट्टा मी बदलते, जात्याचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी मी लावते, आणि तरीही दळण घेऊन येणारे म्हातारे मला विचारतात, "मोटार कोण बघतो गो तुमची?"

चार वर्षांपूर्वी आईच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार शहापूरला डायलिसिस. सकाळी अकराची पाळी, चार तास मशीनवर. पहिले दोन महिने आम्ही एसटीनं आणि मिळेल त्या जीपनं गेलो. एसटी आली तर आली. जीपमध्ये माणसं कोंबून भरलेली, आईच्या सुयांच्या हाताला, मशीनच्या सुया टोचतात त्या हाताला, कोणाचा कोपर लागेल याचा धाक. एकदा भर पावसात आम्ही दीड तास फाट्यावर उभ्या राहिलो आणि पाळी चुकली. त्या आठवड्यात मी जुनी गाडी घेतली. गाडी चालवायला शिकले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. शिकवणारा मुलगा म्हणायचा, क्लच सोडताना देवाचं नाव घ्या. मी त्याला म्हटलं, तू रस्ता बघ.

आणि तो रस्ता! आमच्याकडून शहापूरपर्यंतचा रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना मी रोज मनातल्या मनात शिव्या देते, कधीकधी मोठ्यानंही देते. पावसाळ्यात खड्डे, पावसाळा संपला की खड्ड्यांत खडी, आणि कोणी मोठा माणूस येणार असला की त्या खडीवर डांबराचा पापड. तो माणूस जाऊन आठवडा होत नाही तोवर पापड उचकटतो. चार वर्षांत या रस्त्यानं माझा सायलेन्सर पाडला, एक लाइट फोडला, आठ-नऊ वेळा चाकं पंक्चर केली. प्रत्येक वेळी मी डबा काढला, काम केलं आणि अकराच्या आत आईला मशीनवर पोचवलं. एकदाही चुकले नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आई या सगळ्यात मागच्या सीटवर बसलेली असायची. फारसं बोलायची नाही. दिवसाला पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी मापून दिलेलं, ती बाटली मांडीवर. ज्या धरणाचे व्हॉल्व्ह आवळत वडिलांनी सगळी नोकरी काढली, त्याचं पाणी मुंबईला जातं आणि तिथं लोक नळ सोडून गाड्या धुतात. इथं माझी आई बुचानं पाणी मोजून पिते. हे आठवलं की माझं डोकं फिरतं. पण त्या दिवशीचा माझा राग याच्यावरचा नाही.

तो शुक्रवार होता आणि खंडेनवमी होती. दुसऱ्या दिवशी दसरा.

आमच्याकडं नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन, पुसून पाटावर मांडतात. विळे, कोयता, कुऱ्हाड, पहार, गिरणीचे पाने. हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, नारळ ठेवायचा आणि मग त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी परत हळदकुंकू वाहून उचलायचं. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस विसावा. मला ही चाल आवडते. पण गाडीतला डबा मी कधी घरात आणत नसे. डिकीतच त्याला बोट टेकवायचे, कुंकू लावायचे, झालं.

त्या वर्षी आई हटून बसली. "डबा घरात आण. तुझ्या बापाची हत्यारं हायत ती. डिकीत कोण पूजा करतो?"

मी म्हटलं, "आये, आज शुक्रवार आहे."

"मग? रोज काय गाडी मोडते? एक दिस काय होत नाय."

ती एरवी हट्ट करत नाही. मीही विचार केला, बरोबर आहे, वडील असते तर त्यांनी डबा पाटावरच ठेवला असता. पहाटे उठून मी सगळं घासलं. जॅकची चिखल बसलेली घडी ब्रशनं साफ केली, चाकाच्या पान्याला तेल लावलं. पाटावर मांडल्यावर ती हत्यारं अशी काही दिसली की मी दोन मिनिटं बघतच राहिले. आई पुढं बसली आणि तिनं हात जोडले. बराच वेळ जोडून बसली. मग मी गाडीची पूजा केली, बॉनेटवर झेंडूची माळ घातली, घराला कुलूप लावलं आणि आम्ही निघालो. डबा पाटावर, आम्ही रस्त्यावर. मी हे विसरून केलं असतं तर स्वतःला माफ तरी केलं असतं. मी जाणूनबुजून केलं.

किन्हवली मागं पडली आणि चारपाच किलोमीटरवर पुढचं डावं चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं. आवाजावरूनच मला कळलं. उतरून बघितलं तर टायर बाजूनं चांगला चार बोटं फाटला होता. हवा भरून जाण्यातला प्रकार नव्हता. घड्याळात दहाला दहा कमी. स्टेपनी ठणठणीत, तिची हवा मी दर रविवारी बघते. पंधरा मिनिटांचं काम. मी डिकी उघडली आणि तिथं डब्याच्या जागी चौकोनी डाग होता. आजूबाजूला धूळ आणि मधे स्वच्छ चौकोन.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी डिकी इतक्या जोरात आपटली की आई आतून "अगो" म्हणाली.

पण मी घाबरले नव्हते. रस्ता वाहता आहे, कोणाकडेही जॅक मिळेल, असं मला वाटलं. पहिला पिकअपवाला थांबला. चांगला माणूस होता, उतरून खाली आला, टायर बघून चुकचुकला. "जॅक हाय वो ताई, पण तो घरी. आज नवमी ना." दुसरा ट्रॅक्टरवाला. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, ट्रॉलीला केळीचे खुंट. "पाने पाटावर हायत." तिसरा रिक्षावाला, तोही तेच. चौथ्या मोटारसायकलवाल्यानं तर मला उलट विचारलं, "तुमी पूजा नाय केलीत काय?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं गिअर टाकला.

अख्ख्या तालुक्यात वर्षातून एक दिवस असा असतो की कोणाच्याच गाडीत पाना नसतो, आणि त्याच दिवशी सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर असतात. इतक्या वर्षांत हे कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही? माझ्या तरी कुठं आलं होतं? मी स्वतःला शहाणी समजत होते. डिकीतल्या डब्यावरून लोकांना बोल लावत होते. आणि पाट मांडून, झेंडू वाहून, कुलूप लावून आले होते.

मग एक मोठी पांढरी गाडी थांबली. मुंबईहून शेतघरावर चाललेलं जोडपं. त्या गृहस्थाला जॅक कुठं असतो हेच माहीत नव्हतं. मी त्याच्या डिकीतलं झाकण उघडलं, तर खाच रिकामी. तो म्हणाला, "ड्रायव्हरने काल सगळं काढून धुतलं, पूजेसाठी." मला हसावं की रडावं कळेना. पण ती बाई समजूतदार होती. तिनं आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आम्ही सोडतो ना त्यांना शहापूरला. तुम्ही गाडी इथेच ठेवा. बसा दोघी."

मी लगेच मागचं दार उघडून आईचा हात धरला. आई हललीच नाही.

"मी नाय बसणार परक्याच्या गाडीत. मला वकारी होते."

"आये, चार वर्षांत तुला कधी वकारी झाली नाही."

"तुझ्या गाडीत नाय होत."

मी समजावलं, मी दटावलं. सगळं त्या परक्या बाईसमोर. आज शुक्रवार, उद्या दसऱ्याची सुट्टी, परवा रविवार, आजची पाळी गेली तर सरळ सोमवार, तोवर अंगात पाणी साठलं तर श्वास कोंडेल, हे मी तिला सांगितलं. तिला ते माझ्याहून जास्त माहीत होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी ते जोडपं अवघडून निघून गेलं. मला आईचा भयंकर राग आला. पुढं फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे हे मला माहीत होतं. गाडी झाडाच्या सावलीत होती. आईला म्हटलं, "इथून उठू नकोस," आणि चालायला लागले. किलोमीटरभर होतं. ऊन चढलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात डांबराचा वास नाकात जातो. सगळ्या वाटेनं मी बडबडत होते, एकटीच.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. मालक इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. कॉम्प्रेसरला हार, भिंतीवरच्या टायरांना एकेक फूल, आणि शेडच्या मधोमध पाटावर लाल कापड घालून सगळी हत्यारं. मधे जॅक. जॅकवर नारळ.

"आज नाय होणार ताई," मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

"मला काही करून नको. जॅक आणि चाकाचा पाना द्या, चाक मी बदलते. संध्याकाळच्या आत आणून देते."

"उद्या सकाळी या."

"माझी आई गाडीत बसली आहे. अकराला डायलिसिस आहे. उद्या सकाळी काय करू मी तुमचा जॅक घेऊन?"

मग त्यानं सांगितलं की त्याचा भाऊ असाच एकदा नवमीला काम करायला बसला, कोणाची तरी अडचण होती म्हणूनच बसला, आणि ग्राइंडरखाली दोन बोटं गेली. "तवापास्नं आमी नाय उचलत. तुमाला खोटं वाटंल."

मला खोटं नाही वाटलं. तरी मी ओरडले. मी म्हटलं, तुमच्या भावाची दोन बोटं गेली, माझी आई जाईल. म्हटलं, हत्याराची पूजा कशाला करतात, ते कामाला येतं म्हणूनच ना? आज कामाला आलं तर त्याला काय वाईट वाटणार आहे? बरंच बोलले. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी उठला, एकदा जॅककडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मी मागं म्हशीला पाणी दाखवून येतो," तो म्हणाला. "मला धा मिंटं लागतील." बायकोला म्हणाला, "तू बी चल." आणि दोघंही मागं निघून गेले.

मी पाटापुढं उभी राहिले. आयुष्यात मी कोणाची टाचणी उचलली नाही. नारळ बाजूला ठेवला, जॅक काढला, पाना काढला, विस्कटलेला झेंडू सारखा केला. माझ्या हाताला हळद लागली. मागून म्हशीला हाकारल्याचा आवाज येत होता, गरजेपेक्षा जरा मोठाच. मी चोरासारखी बाहेर पडले आणि जवळजवळ धावत सुटले. लोखंड जड असतं. दोन्ही हात भरून आले होते, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि मी पळत होते.

गाडीजवळ आले तर मागचं दार उघडं आणि आत आई नाही.

त्या क्षणी मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. मी जॅक रस्त्यावर टाकला आणि "आये, आये" करत गाडीभोवती फिरले. मग ती दिसली. रस्त्याच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं होती. हळवं, लवकर तयार होणारं भात पिवळं होऊन आडवं व्हायला आलेलं. तिथं बांधावर ती उकिडवी बसली होती. पदर खोचलेला, चपला बाजूला. एका हातानं लोंब्या खुडत होती आणि ओच्यात टाकत होती. सुयांचा हात जपून मांडीवर ठेवला होता. दसऱ्याला दाराला नव्या लोंब्या बांधतात. गेली चार वर्षं त्या मीच कोणाकडून तरी आणत होते, कधी बाजारातूनही.

"अगो, इतकं चांगलं धरलंय भात," ती मला बघून म्हणाली. चेहरा फुलला होता तिचा. मी घामाघूम, हळदीनं माखलेली, आणि ती मला भात दाखवत होती.

मी बांधावर उतरले आणि ओरडले. इतकी ओरडले की खाचरापलीकडे कापणी करणारी माणसं उभी राहून बघायला लागली. तुझ्यापायी मी चोरी करून आले. तुझ्यापायी डबा पाटावर गेला. ती बाई देवासारखी आली तर तू नाटक केलंस. तुला जगायचं आहे की नाही?

शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. निघून गेलं.

आईनं लोंब्या नीट लावल्या. मग म्हणाली, "सकाळी हत्यारांफुडं हात जोडून मी काय मागितलं, सांगू? आज जायला लागू नको. एक दिस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी काय गाडी मोड नाय म्हटलं," ती म्हणाली. "पण डबा मीच काढायला लावला. म्हटलं, वाटेत काय झालं तर होऊ दे. सणाचा दिस हाय. मला बांधावर बसायचं होतं गो, बस."

"मग मला सांगायचंस की!"

"तू थांबली असतीस?" ती माझ्याकडे बघत होती. तिचा आवाज चढला नव्हता, माझाच चढलेला होता. "तू गाडीला रोज इचारतेस, हवा हाय का, पाणी हाय का, ऑइल हाय का. चार वर्सं मला घेऊन जातेस. मला कदी इचारलंस, आज यायचं हाय का?"

"विचारून काय करू? तू नाही म्हणालीस तर?"

"तर नाय."

मला फक्त राग सुचला. मी वर चढले, मागच्या चाकाला दगड लावला आणि नट सैल करायला बसले. एक नट गंजलेला होता, पान्यावर उभी राहून मी सगळं वजन टाकलं, तेव्हा तो सुटला. जॅक लावला, गाडी उचलली, फाटकं चाक काढलं. रडत होते, पण रडण्यासाठी हात थांबवला नाही. ते मला वडिलांनी शिकवलेलं नाही, ते माझं मीच शिकले आहे. थोड्या वेळानं आई वर येऊन शेजारी उभी राहिली. सुटलेले नट तिनं ओच्यात घेतले, लोंब्यांच्या बाजूला, आणि मी हात पुढं केला की एकेक देत गेली.

स्टेपनी चढली. मी नट आवळले, जॅक उतरवला, परत आवळले. उभी राहिले आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. तिला गाडीत बस म्हणायची मला हिंमत होईना. हात धरून कोंबायची तर त्याहून नाही.

"लागलं चाक?" तिनं विचारलं.

"लागलं."

"मग चल," ती म्हणाली आणि जाऊन बसली.

शहापूरच्या अलीकडचा सापगावचा पूल ओलांडला तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. सेंटरवर सिस्टर आम्हाला रागावली, रागावणारच. पुढचा पेशंट उशिरा येणार होता म्हणून मशीन मिळालं, पण चारऐवजी तीनच तास. आई खाटेवर पडली, सुया टोचताना तिनं नेहमीसारखं तोंड दुसरीकडे फिरवलं. लोंब्यांची जुडी उशाला होती. मी बाहेर बाकावर बसले आणि पहिल्यांदा हिशेब केला की ती आतापर्यंत किती वेळा असं तोंड फिरवून पडली असेल. सहाशे पार गेले तेव्हा सोडून दिलं.

परतताना जॅक आणि पाना पाटावर जसे होते तसे ठेवले, वर नारळ ठेवला. मालक खुर्चीतच होता. मी म्हटलं, "जॅक ठेवलाय हो." तो म्हणाला, "कसला जॅक?"

त्या दिवसापासून मी विचारायला लागले. निघायच्या आधी दरवेळी. "आये, जायचं ना?" ती म्हणायची, "चल." सोमवारी चल, बुधवारी चल, शुक्रवारी चल. मला वाटलं, हे झालं आता, विचारायची पद्धत पडली. सवयीनं विचारायचे, उत्तर यायच्या आत चपला घालायचे.

चैत्रात एका बुधवारी ती म्हणाली, "नाय गो. आज नाय."

मी चपला घालून उभी होते. आधी वाटलं गंमत करतेय. मग मी चिडले. तिला घाबरवलं, डॉक्टर काय म्हणतील ते सांगितलं, सुजलेल्या पायांकडे बोट दाखवलं. गाडीची किल्ली भिंतीवर फेकून मारली. ती ऐकून घेत होती. विचारलं मीच होतं. विचारताना उत्तर एकच आहे असं धरून चालले होते, तेही मीच. मी सेंटरला फोन केला आणि आज येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडून बरीच बोलणी बसली, तीही ऐकली. दिवसभर मी गिरण चालवली आणि तिच्याकडे रागानं बघत राहिले. ती ओटीवर पाय पसरून बसली होती, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होती. दुपारी तिथंच जरा झोपली. काही विशेष केलं नाही तिनं. गुरुवारी तिचे पाय आणखी सुजले, चार पावलांवर धाप लागायला लागली, आणि मी स्वतःला शिव्या घालत घरात येरझारा घातल्या. फोन हातात घेऊन दोनदा तिच्यापुढं उभी राहिले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "उद्या."

शुक्रवारी मी अंगणात आले तेव्हा गाडीचं मागचं दार उघडं होतं. आई आत बसली होती. धुतलेली साडी, मांडीवर पाण्याची बाटली. कधी उठली, कधी नेसली, एवढी धाप असताना पायऱ्या कशी उतरली, मला पत्ता नाही.

मी दाराशी जाऊन विचारलं, "आये, जायचं?"

"मग हितं कशाला येऊन बसले?" ती म्हणाली.

मी पुढं बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडले. शेजारी ऐकतील म्हणून थांबले नाही. आईनं मला रडू दिलं. मग मागून तिचा हात माझ्या खांद्यावर आला, सुयांचा हात.

"उशीर होतोय गो," ती म्हणाली.